घुटमळीच्या फेऱ्या

५ जून

ती. मामा,

नमस्कार. आधी बातमी, मग बढाई. मला नगरपालिकेच्या समारंभ विभागात नोकरी लागली. पद तात्पुरत्या सहायकाचं, मुदत सहा महिने. काम पसंत पडलं तर कायम करतील. माझं टेबल गुंडाळलेला लाल गालिचा आणि एक लंगडं भाषणाचं स्टँड यांच्या मधोमध आहे. गालिच्यावर कोणी पाहुणा चालायचा असला की मला उठावं लागतं, म्हणजे तो बाहेर काढता येतो.

आईने ही बातमी गल्लीत अशी पसरवली की लोकांना वाटतंय आता गाव मीच चालवणार. काल इस्त्रीचे कपडे घ्यायला आलेल्या बाईंना ती म्हणाली, "आमची ग्रॅज्युएट आता समारंभ करते." बाईंनी विचारलं, "कोणाचा?" आईने माझ्याकडे बघितलं. मी कपड्यांच्या घड्या मोजायला लागले, कारण मलाही अजून नीट माहीत नाही.

विभागप्रमुखांना मागून सगळे 'शिक्का' म्हणतात. समोर कागद आला की त्यांचा हात आधी शिक्क्याकडे जातो. परवा मी डबा ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता त्याच्यावर 'आवक' असा शिक्का पडला.

त्यांनी मला पहिलं काम दिलंय आणि ते तुझ्या घरचं आहे. आपल्या नगर वाद्यवृंदाच्या मार्चला यंदा नव्वद वर्षं होतात. तो आजवर कुठल्या कुठल्या समारंभात वाजला याचा दहा पानी अहवाल हवाय. मी म्हटलं, "सर, नुसती यादी नको. आपण या धुनेचा सामाजिक इतिहास लिहू." ते म्हणाले, "दहा पानांत बसतो का बघा."

तू एकतीस वर्षं तिथे झांजा वाजवल्यास. आता मुलाकडे जाऊन निवांत बसला आहेस, तर जरा डोकं खाजव आणि मला सगळं लिहून पाठव. मला खरं तेच हवंय. माझ्या पदवीची शपथ, मी खऱ्याशिवाय एक ओळ लिहिणार नाही. (हे वाक्य लिहून झाल्यावर मीच आरशात बघून आले. शपथ घेताना माझी हनुवटी फार वर जाते.)

तुझी,
ठकू


१४ जून

चि. ठकू,

आशीर्वाद. तुझं पत्र मामीने दोनदा मोठ्याने वाचलं, एकदा मला आणि एकदा शेजारणीला. माझा चष्मा सापडत नव्हता हे ठीक, पण शेजारणीला चांगलं वाचता येतं.

मार्च म्हणू नकोस. आमच्यात कुणी कधी म्हटलं नाही. त्याचं नाव पंप. गावात नळाचं पाणी पहिल्यांदा यायचं होतं, तेव्हा पंपघराच्या उद्घाटनासाठी पहिल्या बँडमास्तरांनी तो रचला. सुरुवातीला व्हायोलिनं धापा टाकतात, तो पंप सुरू होतोय. मग ट्रम्पेट, म्हणजे पाणी आलं. उद्घाटनाच्या दिवशी ट्रम्पेट वेळेवर आलं, पाणी आलं नाही. सगळे बडे लोक नळासमोर उभे. मास्तरांनी मधला एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायला लावला, पाणी येईपर्यंत. त्या तुकड्याला आम्ही घुटमळ म्हणतो. पाणी किती फेऱ्यांनी आलं ते कुणी लिहून ठेवलं नाही. लाज वाटली असेल.

तेव्हापासून पाहुणा मंचावर पोचेपर्यंत घुटमळ फिरत राहते. पोचला की मास्तर डावी मूठ वर करतात, म्हणजे ही शेवटची फेरी. ती संपली की मी झांजा आपटतो आणि सगळं सभागृह खाली बसतं. माझी सगळी कारकीर्द एवढीच, मोजत बसायचं आणि एकदा आपटायचं. पण मी आपटल्याशिवाय नगराध्यक्षसुद्धा कधी बसला नाही, हे अहवालात घाल.

खरं तेच लिही, पण सगळं खरं लिहू नकोस. दहा पानांत राहा.

तुझा मामा


२ जुलै

ती. मामा,

दहा पानं केव्हाच मागे पडली. तालमीच्या खोलीतल्या कपाटात पंपाची जुनी पानं सापडली, प्रत्येक वाद्याचं वेगळं पान, आणि प्रत्येकाच्या कडेला वाजवणाऱ्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलंय. "जलद. ढग आलेत." "साहेब जाड. फेऱ्या ११." "नवे साहेब. पळत येतात. फेऱ्या ४." आणि मग एका पानावर, "अगदी हळू. सहा शवपेट्या." त्याखाली फेऱ्यांचा आकडा नाही. मी ते पान उलटून मागेही आकडा शोधला. शिक्कासाहेब आले, त्यांनी विचारलं, "काही हरवलं का?"

मामा, हीच धून बुटांच्या कारखान्याच्या उद्घाटनाला वाजली आणि कारखान्याला कुलूप लागलं तेव्हाही. सैनिक जाताना वाजली आणि ते वर लिहिलंय तसे परत आले तेव्हाही. एका नगराध्यक्षाच्या शपथविधीला वाजली, मग त्याला तुरुंगात टाकणाऱ्याच्या शपथविधीला वाजली, आणि मग तो सुटून आल्यावर त्याच्या सत्काराला! तेच पान, तीच पेन्सिल, फक्त फेऱ्या दोनने जास्त, कारण तुरुंगात त्याचा पाय दुखावला होता. माझ्या पदवीदानालाही हीच वाजली. मी भारावून चालत होते आणि मला वाटत होतं, हे सूर ज्ञानासाठी आहेत.

या धुनेला काही तत्त्व आहे की नाही? जो येईल त्याच्यासाठी वाजायचं? मी हे सगळं लिहिणार आहे. कोणीतरी लिहायला हवं, आणि माझ्या टेबलाजवळचा गालिचा सध्या बाहेर आहे, त्यामुळे जागाही आहे.

आणखी एक सापडलं. शिस्तीच्या फाइलमध्ये एक ताकीदपत्र आहे. एका झांजवादकाने मास्तरांची खूण मुद्दाम दुर्लक्षित करून घुटमळ सहा फेऱ्या जास्त चालवली, त्यामुळे प्रमुख पाहुण्यांच्या भोजनास विलंब झाला. नाव नाही, आणि तारखेवर नेमकं फाइलचं भोक पडलंय. तुझ्या पाठीच्या दुखण्यात बदली कोणी आला होता ना? तोच असणार. तू तर चहाचे घोटही मोजून पितोस.

तुझी,
ठकू


११ जुलै

चि. ठकू,

तत्त्वाचं मला विचारू नकोस, मी झांजा वाजवत होतो. वाजवताना माणूस पानाकडे बघतो आणि मास्तरांच्या हाताकडे. गालिच्यावरून कोण चाललंय ते दिसतं, पण आपण त्याला तिथे आणलेलं नसतं. सहा शवपेट्यांच्या दिवशी मी नवा होतो. एकाची आई चालत आली, फार हळू, आणि आम्ही तिच्यासाठीच घुटमळत राहिलो. तिच्या मागे नगराध्यक्ष होता म्हणून त्याच्यासाठी आम्ही वाजवलं असं म्हणायचं असेल तर म्हण.

तो झांजवाला? होता एक गाढव. त्याचं काय एवढं. घालायचं तर घाल अहवालात, गाढव कुठे वाचायला येतंय.

मामी म्हणते, पोरीला सांग, जेवत जा.

तुझा मामा


२९ ऑगस्ट

ती. मामा,

अहवाल झाला! एकोणसत्तर पानं. शिक्कासाहेबांनी हातात वजन करून बघितला आणि शिक्का मारला. मग तो चक्क वाचला. म्हणाले, "तुम्ही फार स्पष्ट लिहिता." घरी येईपर्यंत मी हे वाक्य इतक्या वेळा स्वतःशी म्हटलं की एका दिव्याच्या खांबाला 'सॉरी' म्हणाले.

सगळ्यात आवडलं ते त्यांना एक्केचाळिसावं पान. तिथे मी लिहिलंय की जी धून कोणाहीपुढे वाजते ती वाजवणारेही हळूहळू बेफिकीर होतात, आणि उदाहरण म्हणून ते ताकीदपत्र दिलंय. "एका झांजवादकाच्या लहरीखातर संपूर्ण सभागृह ताटकळले." ताटकळले हा शब्द मला पहाटे सुचला. शेवटी शिफारस केलीय, "या धुनेचा सरसकट वापर थांबवून योग्य पर्यायाचा विचार व्हावा." म्हणजे गावासाठी नवी धून रचून घ्यावी, असा माझा अर्थ.

एक प्रत सोबत पाठवतेय. आईने दुसरी प्रत मागितली, तिला ती देव्हाऱ्याशेजारी ठेवायचीय. मी नको म्हटलं. मग ठेव म्हटलं.

तुझी,
ठकू


२० सप्टेंबर

ती. मामा,

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टाला दोष देत होते, आता देत नाही.

समितीची बैठक झाली. माझा अहवाल 'अत्यंत अभ्यासपूर्ण' ठरला. त्याच्या आधारे ठरलं ते असं: वाद्यवृंद वर्षअखेरीस बंद. अठरा वादकांना लगेच अर्धा दिवस इतर विभागांत पाठवायचं, मग कायमचं. ट्रम्पेटवाले काका पाण्याच्या मीटरांवर, ढोल्या वाहनतळावर, बँडमास्तर जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत. कारण, 'अनुशासनाचा अभाव, पाहा पान ४१'.

आणि पर्याय? मी पर्याय शोधा म्हटलं होतं ना, त्यांनी शोधला. यापुढे समारंभात लाउडस्पीकरवर रेकॉर्ड वाजणार. कशाची? पंपाची! मला धून नको होती आणि माणसं हवी होती. त्यांनी धून ठेवली आणि माणसं काढली. एकोणसत्तर पानांत मी हे वाक्य एकदाही लिहिलं नव्हतं, कारण मला वाटलं, ते सांगायला कशाला हवं!

शिक्कासाहेबांनी माझं अभिनंदन केलं आणि कायम करण्याची शिफारस पाठवतो म्हणाले. जिन्यात ट्रम्पेटवाले काका भेटले. मला वाटलं बोलतील काहीतरी. ते म्हणाले, "ठकूताई, मीटर डावीकडून वाचायचा की उजवीकडून?" आणि खरोखरच उत्तराची वाट बघत उभे राहिले. मला माहीत नव्हतं. मी बी.ए. आहे.

काहीतरी लिही. रागाव तरी.

ठकू


२६ सप्टेंबर

चि. ठकूबाईस,

मामी लिहितेय. तुझ्या मामाला माहीत नाही, तो बाहेर गेलाय, म्हणजे गच्चीवर जाऊन बसलाय.

तुझं एक्केचाळिसावं पान मी त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, मराठी चांगलं आहे पोरीचं. मग उठून गच्चीवर गेला, तेव्हापासून रोज जातो. तू पुस्तकं वाचलीस, माणसं वाचायची राहिली, म्हणून मी सांगते. तो गाढव माझ्या घरात राहतो. दोन वेळा जेवतो.

तो तुझ्या पदवीदानाचा दिवस होता. सातशे नावं होईस्तोवर दुपारचा एक वाजून गेला, आणि शेवटच्या तुकडीसाठी सभागृह उभं राहून घुटमळ चालू होती. प्रमुख पाहुण्यांना भूक लागली. वरून खूण आली, आटोपा, उरलेल्यांनी पदवी खिडकीवरून घेऊन जावी. मास्तरांनी मूठ वर केली. तुझ्या मामाने ती बघितली आणि छताकडे बघायला लागला. तू खांबाजवळ उभी होतीस, ताईच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, चपला घालून, आणि तुझ्यापुढे अकरा मुलं होती. फटका पडल्याशिवाय कोणी बसत नाही, आणि कोणी बसत नाही तोवर नावं वाचणारा थांबत नाही. सहा फेऱ्या त्याने असं केलं. तू मंचावर चढलीस, पदवी घेतलीस, उतरलीस, मग त्याने झांजा आपटल्या. इतक्या जोरात की एक पाहुणा दचकून खुर्ची चुकवून बसला.

ताकीद आली. तो पाठीचं निमित्त करून वर्षभर आधीच निवृत्त झाला. ताईला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही. मला तरी कुठे सांगितलं होतं, ते पत्र कोटाच्या खिशात सापडलं.

आता रडत बसू नकोस. तुझ्यामुळे गेलेत तर तूच आण त्यांना परत. आणि जेवत जा.

मामी


८ ऑक्टोबर

ती. मामा आणि ती. मामी,

मामा, मामीवर रागावू नकोस. तिचं पत्र मी ऑफिसात वाचलं. रडू नकोस म्हणाली होती म्हणून रडले नाही. गालिच्यावर बसले फक्त, गुंडाळलेल्या. शिक्कासाहेब आले, बघितलं, आणि पहिल्यांदाच हातात शिक्का नव्हता.

त्या सहा फेऱ्या मला आठवतात. मी मनात म्हणत होते, केवढी भव्य धून, संपतच नाही. आणि अर्धा वेळ चपलेचा पट्टा सुटेल का याची काळजी. मला वाटलं होतं मंचावर मी स्वतःच्या हिमतीवर चढले. माझ्यामागे चाळीस मुलं होती, मामा. ती खिडकीवर गेली. मी समतेवर निबंधाचं बक्षीस मिळवलेली मुलगी, आणि माझ्या मामाने माझ्यानंतर बरोबर फटका मारला. तुला दोष देत नाही. हसू येतं, आणि मग येत नाही.

आता काय झालं ते ऐक. परवा नव्या ग्रंथालयाचं उद्घाटन होतं, रेकॉर्डवरचा पहिला समारंभ. पाहुणे एक जुने इंजिनिअर, वय नव्वदीच्या आसपास, हातात काठी. त्यांना मंचापर्यंत न्यायचं काम माझ्याकडे. दारातून निघालो आणि रेकॉर्ड सुरू झाली. चार मिनिटांची आहे, मोजून. घुटमळीच्या तीन फेऱ्या, पुढे सरळ शेवट. आम्ही मंचाच्या तिसऱ्या पायरीवर होतो आणि झांजा वाजल्या. तो फटका तुझाच होता, मामा, बारा वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डिंगमधला.

आणि सगळं सभागृह बसलं! सवयीने. चारशे माणसं धपकन बसली आणि मधे आम्ही दोघं, तिसऱ्या पायरीवर. शांतता अशी की त्यांच्या काठीचं रबर चिकटून सुटतं तेही ऐकू येत होतं. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बाई, गाणं संपलं. मी आता चालू, की इथेच थांबू?"

मी म्हटलं, "चला, आजोबा." आणखी सहा पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीला ते दम घ्यायला थांबायचे आणि कोणीतरी खोकायचं. आयुष्यात मला एवढं कधी वाटलं नव्हतं की इथे कोणीतरी निरर्थक काहीतरी वाजवत राहावं, कोणासाठीही, कसल्याही तत्त्वाशिवाय.

पुढच्या महिन्यात समिती पुन्हा बसतेय. मी दुरुस्ती सादर करणार आहे. दोन पानांची. शिक्कासाहेब म्हणाले, "कायम होण्याआधी की नंतर?" मी म्हटलं आधी. हनुवटी खालीच ठेवून म्हटलं, शप्पथ.

ठकू


१७ ऑक्टोबर

चि. ठकू,

मूर्खपणा करू नकोस. मी एकदा केला तेवढा घराण्याला पुरे. आधी कायम हो, मग काय ती दुरुस्ती कर. ताईने इस्त्र्या करून तुला शिकवलं ते नोकरी घालवायला नाही.

त्या चाळीस पोरांचं म्हणतेस. ती मला दिसत होती. एक चष्मेवाला मुलगा तुझ्या मागेच होता, त्याचा बाप मागच्या रांगेत खुर्चीवर उभा राहून बघत होता. सातवी फेरी वाजवायची माझी छाती झाली नाही. गाढव म्हटलं ते उगाच नाही म्हटलं मी.

ढोल्याचं पत्र आलंय. वाहनतळावर उभा राहून त्याला ठेका धरायची सवय, गाड्या शिट्टीवर निघण्याऐवजी त्याच्या पायावर निघतात म्हणतो. हसवायला लिहिलंय. त्याला दुसरं काही येत नाही गं. आमच्यापैकी कोणालाच येत नाही.

ऐकणार नसशीलच, तर एवढं कर. समितीपुढे बोलण्याआधी मनात आठ मोज. तू भरभर बोलतेस आणि लोकांना वाटतं तू रागावलीस.

तुझा मामा


१२ नोव्हेंबर

ती. मामा,

आठ मोजले. सहाव्यालाच अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?"

सगळं सांगते. समितीचे सात जण, मधे अध्यक्षबाई, कोपऱ्यात शिक्कासाहेब. मी म्हटलं, एक्केचाळिसाव्या पानावरचं उदाहरण चुकीचं आहे, तो झांजवादक लहरी नव्हता.

"तुम्हाला कसं माहीत?"

"तो माझा मामा आहे. आणि ज्या मुलीसाठी तो थांबला ती मी."

एक सदस्य म्हणाले, "म्हणजे तुम्ही नात्यातल्या माणसाची बाजू घेताय." दुसरे म्हणाले, "अहो, पण आधी तर त्याच्याविरुद्ध लिहिलं होतं." पहिले म्हणाले, "मग नात्यातल्या माणसाविरुद्ध लिहिलं, तेही बरोबर नाही." यावर पाव तास चर्चा झाली.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "म्हणजे तुमचा पहिला अहवाल खोटा होता?"

"खोटा नाही. पोरकट होता."

शिक्कासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

मग मी माझं भाषण केलं. रात्रंदिवस घोकलं होतं. पंप कोणापुढे वाजला याचा इतिहास मी लिहिला, पण कोणासाठी थांबला त्याचा नाही, असं काहीतरी. चांगलं होतं, मामा. फार चांगलं होतं. एक सदस्य खिडकीबाहेर बघत होते, एक बिस्किट शोधत होते. रेकॉर्ड माणसासाठी थांबत नाही, हे मी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. कोणावरही काही परिणाम नाही. 

शेवटचा प्रयत्न म्हणून मी ग्रंथालयाच्या त्या दिवसाचं सांगितलं, नुसतं जसं झालं तसं. आजोबा, काठी, झांजा, सगळे बसले, खोकले. अध्यक्षबाई कागदावर काहीतरी रेघोट्या काढत होत्या, त्यांचा हात थांबला.

"मंचाला किती पायऱ्या आहेत?"

"नऊ. आणि कठडा एकाच बाजूला."

त्यांनी टेबलाखाली आपला उजवा गुडघा चोळला. मग शिक्कासाहेबांना विचारलं, "माझा सत्कार कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात, मॅडम. त्याच मंचावर."

"आणि हे सगळे आधीच बसलेले असणार?"

"रेकॉर्ड चार मिनिटांची आहे, मॅडम."

मामा, माझ्या एकोणसत्तर पानांनी वाद्यवृंद बुडवला आणि एका गुडघ्याने तो वर काढला. माझ्या दोन पानांच्या दुरुस्तीला चहाचा डाग पडलाय, ती फाइलला लागली की नाही तेही ठाऊक नाही. ठराव पाच मिनिटांत झाला: वाद्यवृंद पूर्ववत चालू ठेवावा, वादकांच्या बदल्या रद्द. त्याच कागदावर, त्याच्याच खाली, दुसरा ठराव: तात्पुरत्या सहायकाची मुदत वाढवण्याचे कारण दिसत नाही. शिक्कासाहेबांनी दोन्हीवर शिक्का मारला. दुसऱ्यावर जरा हळू मारला, हे मी बघितलं.

तो कागद घेऊन मी तालमीच्या खोलीकडे पळत गेले. अठराही जण होते. पंप चालला होता, घुटमळीत होते. मी दारात उभी राहिले. मास्तरांना मी दिसले. माझ्या हातातला शिक्क्याचा कागद दिसला. असला कागद त्यांनी सप्टेंबरात एकदा घेतलाय. आणि मामा, त्यांनी डावी मूठ वर केलीच नाही.

फेरी संपली, पुन्हा सुरू. पुन्हा संपली, पुन्हा सुरू. सगळ्यांनी मला बघितलं होतं, कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. ट्रम्पेटवाल्या काकांचे कान लाल झाले होते. ढोल्या आता तुझ्या झांजाही सांभाळतो, त्याने त्या मांडीवर आडव्या ठेवून वर हात ठेवला होता, कोणी हिसकावून घेईल तसा. वाजवणं थांबलं की कागद वाचला जाणार, म्हणून कोणी थांबतच नव्हतं. मी हातवारे केले, मान हलवली, हसले. माझं हसणं त्यांनी आधीही बघितलंय, अहवाल घेऊन जिन्यातून चालले होते तेव्हा. त्यावर कोण विश्वास ठेवणार?

ओरडून सांगितलं असतं तर ऐकू गेलं असतं. ओरडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला काही सांगायची घाई नव्हती. अकराव्या फेरीला मी आत गेले आणि तो कागद मास्तरांच्या स्टँडवर, पंपाच्या पानावर ठेवला. त्यांनी एका हाताने ताल देत देत तो वाचला. वरचा ठराव वाचला, मग खालचाही वाचला, आणि माझ्याकडे बघितलं.

तरी मूठ वर गेली नाही.

तुझी,
ठकू